वगळलेल्यांची यादी

गरजूला साहाय्य मिळावे याविषयी आपल्या समाजात फारसे दुमत आढळत नाही. मतभेद सुरू होतात ते गरजू कोणाला म्हणावे या प्रश्नापाशी. साहाय्याला मर्यादा असावी का, ती कोठे आखावी आणि आखलेल्या रेषेबाहेर चुकून राहिलेल्यांचे काय, हे तीन प्रश्न एकमेकांना लागून आहेत. परंतु लोकचर्चेत पहिल्या प्रश्नावरच सारा आवाज खर्ची पडतो आणि तिसऱ्याची पाळी येईपर्यंत मंडळी उठून गेलेली असतात. कुणकेश्वरात राहून हा अनुभव मी अलीकडे फार जवळून घेतला.

कुणकेश्वर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे समुद्राला लागून असलेले शिवमंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा उभी राहते. देवगड तालुक्यातील हे गाव. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कातळावर कष्टाने वाढवलेल्या हापूसच्या बागा. सिंधुदुर्गात आपली ख्रिस्ती वस्ती मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या बाजूला अधिक. मीही मूळचा मालवणचा. शिक्षकाच्या नोकरीनिमित्त इकडे आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. निवृत्त मास्तराकडे लोक दोन कामांसाठी येतात, एक मुलांची शिकवणी आणि दुसरे सरकारी अर्ज. या दुसऱ्या कामामुळे अनेक घरांच्या शिधापत्रिका, उत्पन्नाचे दाखले आणि बँकेची पासबुके माझ्या नजरेखालून गेली. माणसाचे दारिद्र्य कागदावर कसे दिसते आणि त्याच्या अंगणात उभे राहिले म्हणजे कसे दिसते, यातील अंतर त्यामुळे ध्यानात येऊ लागले.

महाराष्ट्र शासनाने २८ जून २०२४ रोजी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा निर्णय काढला. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असलेल्या, २१ ते ६० वर्षे वयाच्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये मिळणार होते. घरात कोणी प्राप्तिकर भरणारा, सरकारी नोकर किंवा ट्रॅक्टर सोडून अन्य चारचाकी वाहनाचा मालक असल्यास, तसेच पाच एकरांहून अधिक जमीन असल्यास लाभ नव्हता. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात यांतील काही अटी सैल झाल्या. वयाची मर्यादा ६५ वर आली, जमिनीची अट गेली, आणि पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. ऑगस्टमध्ये पैसे खात्यांत जमा झाले. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली.

निवडणूक आटोपल्यावर पडताळणीचे पर्व आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ५ लाख स्त्रिया अपात्र ठरल्या. त्यांतील २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या आणि १ लाख १० हजार स्त्रियांचे वय ६५ च्या पुढे होते. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितले की, सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी पात्र नसताना लाभ घेत असल्याचे आढळले असून त्यांचे पैसे जूनपासून तात्पुरते थांबवले आहेत. त्यांत काही पुरुषांचीही नावे निघाली.

ही बातमी गावात आली तेव्हा चहाच्या टपरीवर समाधानाची एक लाटच आली. “बरा झाला. फुकटचा गावला की माणूस काम कित्याक करतलो?” हे वाक्य मी त्या आठवड्यात निदान दहा तोंडांतून ऐकले असेल. बागायतदारांची तक्रार तर जुनीच होती, की पैसे सुरू झाल्यापासून आंबा उतरवायला आणि पेट्या भरायला बायका मिळत नाहीत. या बोलण्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरावर दोन मजले चढलेले आहेत अशा घरांतूनही अर्ज गेले, हे साऱ्या गावाने पाहिले. सार्वजनिक पैसा विचारपूर्वक वाटला जावा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण दरमहा १,५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. तेवढ्यावर कोणी घरी बसून राहील, हे गणित मांडणाऱ्याने आपल्या स्वतःच्या बाजारहाटाचा हिशेब एकदा तपासावा.

याच टपरीवर बसणाऱ्यांपैकी कित्येकांना शासनाकडून पैसे मिळतात. जमीनधारकाच्या खात्यात केंद्राच्या किसान सन्मान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये येतात, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,००० येतात. आंब्याच्या फळपीक विम्याच्या हप्त्यातील मोठा वाटा शासन उचलते. यांत्रिक नौकांना डिझेलवरील विक्रीकराचा परतावा मिळतो. हे सारे योग्यच आहे. लहरी हवामान आणि रोडावत चाललेली मासळी यांच्याशी झुंजणाऱ्याला आधार हवाच. माझे म्हणणे एवढेच की, या पैशांसाठी अडीच लाखांच्या आतील उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही आणि ते घेणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. बागेच्या मालकाला मिळते ते अनुदान आणि त्या बागेत पेटी भरणारीला मिळते ते फुकटचे, अशी आपल्या बोलण्याची रीत पडून गेली आहे.

मर्यादेची रेषा हीदेखील आपण समजतो तेवढी पक्की नसते. महाराष्ट्रात १९९९ मध्ये तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या, तेव्हा पिवळ्या पत्रिकेसाठी वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांच्या आत असावे लागे. संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये राहिली. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि त्याखाली प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४,००० रुपयांची रेषा आखली गेली. लाडक्या बहिणीची रेषा अडीच लाखांवर. म्हणजे एकाच वाडीतील एकच बाई एका कागदावर गरीब असते, दुसऱ्यावर नसते आणि तिसऱ्यावर पुन्हा गरीब होते. तिची चूल मात्र आहे तिथेच असते. तिजोरीत किती आहे आणि किती जणांना द्यावयाचे आहे, यावरून या रेषा ठरतात. त्यात गैर काही नाही. मात्र अशा रेषेबाहेर पडलेल्या माणसाला लबाड ठरवण्याची घाई आपण करू नये.

आमच्या शेजारच्या वाडीत एक बाई राहतात. वय पन्नाशीच्या आसपास. हंगामात बागेत आंबा निवडतात, एरवी मिळेल ते काम करतात. पती अकरा वर्षांपूर्वी मुंबईला गेले. पहिली दोन वर्षे पैसे येत होते, मग कधीतरी फोन येई, मग तोही थांबला. त्या विधवा नाहीत आणि घटस्फोटितही नाहीत. परित्यक्ता हा शब्द योजनेच्या निर्णयात आहे. परंतु त्यांना सोडून दिल्याचा कागद त्यांच्यापाशी नाही, कारण सोडून जाणारा माणूस कागद देऊन जात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची झाली. तीत स्वतःच्या आधारक्रमांकाबरोबर पतीचा किंवा वडिलांचाही क्रमांक द्यायचा होता आणि त्यांच्या भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक अंक भरायचा होता. पुढे मुदत वाढली. पती वा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोट झालेल्या स्त्रियांना मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश देण्याची सोय झाली. आमच्या या बाईंपाशी दोन्ही नव्हते. त्या माझ्या ओटीवर बसून म्हणाल्या, “मास्तरानू, घोव मेलो असतो तर कागद गावलो असतो. जितो आसा म्हणान माका कायच नाय.”

त्या रडल्या नाहीत, कोणावर चिडल्याही नाहीत. त्या पैशांतून रक्तदाबाच्या गोळ्या येत होत्या आणि मुलीच्या संगणक टंकलेखनाच्या वर्गाची फी भरली जात होती. गोळ्या एक दिवसाआड घेतल्या तर चालतील का, एवढे त्यांनी मला विचारले. चालणार नाही, असे मी सांगितले. त्यावर त्या नुसत्या हसल्या. त्याच संध्याकाळी टपरीवर त्यांचा विषय निघाला. एक गृहस्थ म्हणाले, “ती खय गरीब? हातात मोबाईल आसा, कानात कुड्या आसत.” त्या कुड्या वर्षातील आठ महिने पतसंस्थेत गहाण असतात, हे मला ठाऊक होते. फोन मुलीचा होता. मी तसे सांगितल्यावर ते गृहस्थ थोडे ओशाळले. मूळचे ते कठोर नव्हेत. त्यांना कुड्या दिसल्या, गहाणखत दिसले नाही, इतकेच.

दुसरे एक घर आहे तीन भावांचे. चुली तीन, शिधापत्रिका मात्र वडिलांच्या वेळची एकच. तिघी जावांनी अर्ज केले, तिघींना पैसे आले. पुढे एका कुटुंबात दोनहून अधिक लाभार्थी आहेत का, याची तपासणी सुरू झाली आणि तिघींपैकी कोणाचे नाव राहावे, हा प्रश्न घरात आला. वर्षानुवर्षे एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या त्या बायका कित्येक दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. कागदावरील मर्यादा घरात शिरली की तिचे असे होते. ज्याने ती लिहिली त्याच्या मनातही हे नसेल.

कोणत्याही साहाय्यात दोन प्रकारच्या चुका संभवतात. ज्याला मिळू नये त्याला मिळते, ही एक. ज्याला मिळावे त्याला मिळत नाही, ही दुसरी. पहिली चूक चव्हाट्यावर असते. दोन मजली घर साऱ्या गावाला दिसते. दुसरी चूक घराच्या आत राहते. जिचे नाव गळले ती बाई टपरीवर येऊन बसत नाही. म्हणून पहिल्या चुकीवर आपला संताप उसळतो आणि दुसरीची कोणी मोजदादही करीत नाही. २६ लाखांचा आकडा वर्तमानपत्रांत सर्वत्र छापला गेला. त्यांत खरोखर पात्र असूनही अडकलेल्या किती, याचा आकडा लोकांनी तेवढ्याच आवाजात मागितला नाही. गाळणी बारीक केली की पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते. तिचे ओझे कोणी वाहायचे, हा खरा प्रश्न आहे. आणि आज ते सर्वांत अशक्त खांद्यावर पडते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. ब्रिटनने एप्रिल २०१७ पासून गरीब कुटुंबांच्या बालसाहाय्याला दोन अपत्यांची मर्यादा घातली. त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या बाळासाठी ते साहाय्य नव्हते. झेपतील तेवढीच मुले होऊ द्यावीत, हा युक्तिवाद लोकांना पटला. जनमतचाचण्यांत मर्यादा राहावी असे म्हणणारेच सातत्याने अधिक निघत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील सरकारने ती एप्रिल २०२६ पासून रद्द करण्याची घोषणा केली, कारण तिचा भार आईबापांच्या निर्णयापेक्षा मुलांच्या ताटावर पडत होता. आपल्याकडील मातृवंदना योजनेतही पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,०००. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण दुसऱ्या बाळंतपणात मुलगा झालेल्या मजूर आईची अंगमेहनत आणि तिची भूक त्या अटीत मावत नाही.

हा प्रश्न आपल्या श्रद्धेच्या इतिहासातही पहिल्या पिढीतच उभा राहिला होता. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात रोजच्या अन्नवाटपाची हकीकत आहे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, असे गाऱ्हाणे यरुशलेमच्या मंडळीत आले. हे गाऱ्हाणे जास्त मिळालेल्यांविरुद्ध नव्हते. ते वगळलेल्यांचे होते. प्रेषितांनी ते ऐकले आणि त्या कामासाठी सात जण नेमले. त्या सातांची नावे पाहिली तर सारी ग्रीक आहेत. ज्यांच्या बायका वगळल्या जात होत्या, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप आले असावे, असा अर्थ अभ्यासक काढतात. मर्यादा त्या काळीही होती. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या यादीसाठी साठ वर्षांची वयोमर्यादा सांगितली आहे आणि ज्यांना घरचे सांभाळू शकतात त्यांचा भार मंडळीवर पडू नये, असेही बजावले आहे. म्हणजे यादी हवी, अट हवी, आणि यादीत न आलेल्याचे गाऱ्हाणे ऐकणारा माणूसही हवा.

आमच्याकडे नेमका हा तिसरा माणूस कमी पडतो. नाव गाळण्याआधी त्या घरी कोणीतरी जावे, अपात्र ठरवण्याचे कारण लेखी द्यावे, आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यासाठी शेजाऱ्यांची व ग्रामसभेची साक्ष ग्राह्य धरावी, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. अंगणवाडीच्या सेविकेला प्रत्येक घर माहीत असते. संगणकाला ते माहीत नसते. आपल्या धर्मग्रामांतूनही गरिबांसाठी निधी वाटला जातो, शाळेच्या फीमध्ये सवलती दिल्या जातात. तिथेही समितीपुढे नावे येतात आणि काही गळतात. नावे वाचून झाली की गळलेली नावेही एकदा मोठ्याने वाचावीत, आणि त्या घरी शेवटचे कोण जाऊन आले होते, हे विचारावे. बऱ्याचदा उत्तर येईल की कोणीच गेले नव्हते.

त्या बाईंच्या परित्यक्ता असल्याच्या पुराव्यासाठी आम्ही आता शेजारच्या पाच जणांचे लेखी जबाब आणि ग्रामपंचायतीकडे अर्ज अशी तयारी केली आहे. जबाब देणाऱ्यांत कुड्यांविषयी बोलणारे ते गृहस्थही आहेत. सही करण्याआधी त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि गोळ्यांचा खर्च महिन्याला किती येतो, हे विचारून तो आकडा त्यात लिहायला लावला.