सावनेरच्या पुढे चीजचं दुकान

सौंसर

प्रिय ताईस,


विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या तुझ्या नातवंडांनी इकडच्या रस्त्यावर ‘चीज शॉप’ मागितलं, यात त्यांचं काही चुकलं नाही. तिकडे सुट्टीत निघालेलं कुटुंब चीजच्या कारखान्यापाशी थांबतं, दाताखाली चुंईचुंई वाजणारे ताजे कर्ड्‌स खातं आणि पुढे जातं. इकडे गाडी थांबते ती डेअरीपाशी. पाटी हिंदीत, गल्ल्यावरचं बोलणं मराठीत, आणि काचेआड खोवा, कलाकंद, दही, पनीर. चीज असलंच तर फ्रिजमध्ये, मोठ्या कंपनीच्या डब्यातलं.

सावनेरला रस्ता फुटतो. एक फाटा सौंसरवरून छिंदवाड्याला जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलला. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातून निघाले आणि पांढुर्णा जिल्हा झाला. दुधाच्या बूथवर नाव मात्र जुनंच, मध्य प्रदेशच्या सहकारी महासंघाचं ‘सांची’.

इथे चीज का झालं नाही, हे पोरांना सांगण्यासारखं आहे. हा मुलूख गवळाऊ जातीचा. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, बैतूल या पट्ट्यातली ही पांढरी, चपळ गुरं. नाव झालं ते बैलांच्या पायांचं, गाईचं दूध बेताचंच. वस्त्या बाजारापासून लांब, आणि ऊन असं की सकाळचं दूध दुपारपर्यंत धड राहील याचा भरवसा नाही. मग लोणी काढून तूप करायचं, नाही तर कढईत आटवून खोवा. चीज मुरवायला महिनोन्‌महिने गारवा लागतो; मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे निघाला की तो आणायचा कुठून? शिवाय ते बांधायचं रेनेट मूळचं वासराच्या जठरातलं. गवळ्याच्या दारात तो विषय निघणंच शक्य नव्हतं.

दूध नासलं की आपली आजी हळहळायची. मुद्दाम नासवायचं हे तिच्या स्वयंपाकघरात बसणारं नव्हतंच. पनीर इथे ढाब्यांच्या आणि लग्नाच्या पंगतींच्या वाटेने आलं.

म्हशीचं पाच लिटर दूध घेतलं, तर खोवा साधारण किलोभर होतो आणि पनीरही जवळपास तेवढंच. खोव्यात मात्र पाण्याखेरीज दुधातलं सगळं उरतं, त्यासाठी कढईपाशी उभं राहून ढवळत राहावं लागतं. पनीरला दूध तापवून त्यात लिंबाचं सत्त्व टाकलं, फडक्यात बांधून दाबलं, गार पाण्यात सोडलं की झालं. किलोतलं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं. म्हणून सारख्या भावात मिळाला तर खोवाच घ्यावा, असं या पत्रलेखकाचं पक्षपाती मत! पोरांना गंमत दाखवायची असेल तर पनीरचा तुकडा तव्यावर टाकायचा. चीज वितळतं, पनीर भाजलं तरी आपला आकार सोडत नाही, कारण ते आम्लाने बांधलेलं असतं.

घेताना दुकानदाराला आज कधी बनवलं ते विचारावं. नियमाप्रमाणे पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि पाणी वगळून उरलेल्यात निदान निम्मं दुधाचं स्निग्ध लागतं. वनस्पती तेलाचा नकली प्रकार पनीर म्हणून विकता येत नाही, तरी भाव फारच उतरलेला दिसला की संशय घ्यावा. खोवा सायंकाळपर्यंत गाडीत चालेल. पनीर बर्फाच्या डब्याशिवाय नको.

वाटेत जामसावळीचा निजलेला मारुती आहेच, संत्री हंगामात असली तर तीही घ्या. फक्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघू नका. त्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये, जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीचा मेळा असतो. रस्ता बंदोबस्ताने अडलेला आणि दुकानं अर्धी बंद.

तुझा,
धाकटा