वडिलांचा आवाज

गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाल्याचे कळले म्हणजे आपण मोठ्या उत्सुकतेने दर्शनास जातो. आणि गाभाऱ्यातल्या काळवंडलेल्या, तेलकट भिंती जाऊन तेथे पांढरीशुभ्र फरशी बसलेली पाहिली म्हणजे, देव तोच असूनही, क्षणभर हात जुळत नाहीत. जॉर्ज हॅरिसन या इंग्लिश गायकाच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या ध्वनिमुद्रिकासंचाची सुवर्णमहोत्सवी आवृत्ती आम्ही प्रथम ऐकावयास बसलो, तेव्हा आमच्या मनाची अवस्था काहीशी अशीच होती.

मूळ संच २७ नोव्हेंबर १९७० चा. बीटल्स ही जगविख्यात चौकडी त्याच वर्षी फुटली होती. त्या चौघांत लेनन आणि मॅकार्टनी या जोडीची गाणी प्रमुख. हॅरिसनच्या वाट्यास प्रत्येक संचात एकदोन जागा येत. त्यामुळे त्याच्यापाशी वर्षानुवर्षे गाणी साठत गेली, आणि बांध फुटावा तशी ती एकदम तीन तबकड्यांतून बाहेर पडली. आम्हांस हा गायक अगदीच परका नव्हता. रविशंकरांपाशी सतार शिकण्यासाठी तो १९६६ च्या सप्टेंबरात मुंबईस येऊन राहिला होता, आणि १९६८ च्या जानेवारीत येथल्याच ध्वनिमुद्रणगृहात आपल्या वादकांना घेऊन त्याने एका चित्रपटाचे संगीत मुद्रित केले होते. या संचातल्या 'माय स्वीट लॉर्ड' या गाण्यात ख्रिस्ती स्तुतिशब्दांच्या पाठोपाठ कृष्णनाम आणि गुरुस्तोत्र कानी पडते, तेव्हा आपल्याकडचा श्रोता चमकून मान वर करतो. संचाच्या नावाचा अर्थही आपल्या ओळखीचाच : जे जे आहे ते ते सरून जावयाचे आहे. ध्वनिमुद्रण चालू असतानाच, त्या वर्षीच्या जुलैत, त्याची आई निवर्तली. त्या वेळी त्याचे वय अवघे सत्तावीस होते.

या कामी त्याचा सहनिर्माता होता फिल स्पेक्टर. स्पेक्टरची रीत अशी, की एकाच दालनात पुष्कळ वादक बसवावयाचे, तीन-चार गिटारी, दोन-दोन पियानो, ढोल, शिंगे सारे एकदम वाजवावयाचे आणि त्या सगळ्यावर प्रतिध्वनीचे दाट पूट चढवावयाचे. या रीतीस लोक नादाची भिंत म्हणत. ती भिंत भव्य होती यात शंका नाही. आम्ही तरुणपणी तिच्यापुढे हात जोडून उभे राहिलो आहो. परंतु गाणारा मनुष्य त्या भिंतीपलीकडे होता, आणि त्याचा आवाज दुरून, धुक्यातून यावा तसा येई.

तीस वर्षांनी, २००१ मध्ये, संचाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा हॅरिसनने स्वतःच लिहिले, की यांपैकी काही गाणी त्या अवाढव्य मांडणीतून मोकळी करावीत असे आपणांस वाटते. त्याच वर्षीच्या २९ नोव्हेंबरास तो वारला. त्याचा मुलगा धनी तेव्हा तेवीस वर्षांचा होता. या धनीने पॉल हिक्स या ध्वनितज्ज्ञास हाताशी धरून मूळ फिती पुन्हा उघडल्या, आणि ६ ऑगस्ट २०२१ रोजी ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. जुने मिश्रण तसेच ठेवून त्यास उजाळा देणे निराळे, आणि फितीवरचा एकेक आवाज सुटा घेऊन त्यांचे प्रमाण नव्याने ठरवणे निराळे. तयार आमटीस वरून फोडणी देणे आणि तेच जिन्नस घेऊन आमटी पुन्हा करणे, यांत जेवढे अंतर तेवढेच यांत आहे. धनीने दुसरा मार्ग पत्करला.

कोणी म्हणेल, हा सारा बाजार आहे. तसे म्हणण्यास जागाही आहे. या आवृत्तीचे एक रूप लाकडी पेटीत घालून विकले गेले; पेटीत मूळ मुखपृष्ठावरल्या बागेतील बुटक्यांच्या प्रतिकृती होत्या आणि रुद्राक्षही होते. सारे नश्वर आहे हे सांगणाऱ्या गाण्यांसाठी इतकी टिकाऊ पेटी! २०२२ मध्ये या आवृत्तीस ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेही वेष्टनाच्या सजावटीबद्दल. हे वाचून आम्ही मनसोक्त हसलो. परंतु खरा प्रश्न पेटीचा नव्हता. बापाने केलेल्या कामावर मुलाने हात चालवावा काय, हा तो प्रश्न होता. आणि तो आम्हांस फार जवळून बोचत होता.

आमच्या वडिलांनी सेवानिवृत्तीनंतर आपल्या आठवणींची एक वही लिहिली. त्यांचा पिंड संस्कृतावर पोसलेला. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी सूर्योदय, उपमांच्या ओळीच्या ओळी, आणि मग कोठे तरी घरची गोष्ट. शेवटच्या आजारात ते आम्हांस म्हणाले, "अरे, त्या वहीतले अलंकार काढून टाक. सरळ लिहायला मला धीर झाला नाही." आम्ही मान डोलावली. त्यानंतर अकरा वर्षे ती वही ट्रंकेत होती. पेन्सिल हाती घेतली, की अक्षर वडिलांचे दिसे आणि हात मागे येई. त्यांची आज्ञा मोडल्याचे दुःख एकीकडे, त्यांचे अक्षर मोडण्याचे भय दुसरीकडे.

अशा मनाने आम्ही ती गाणी ऐकली. पहिल्याच गाण्यात आवाज पुढे आला. मंद्र स्वरांना भरीवपणा आला होता, ढोल निराळा ऐकू येत होता, आणि मध्ये एक तरुण मनुष्य, किंचित थरथरत, अगदी समोर बसून गात होता. 'वाह-वाह' या गाण्यातला कल्लोळ मात्र पुष्कळसा तसाच आहे. एका दालनात एकत्र वाजलेली वाद्ये एकमेकांत मुरलेली असतात. ती पुरती वेगळी होत नाहीत, आणि तशी ती करण्याचा हट्टही येथे दिसत नाही. मुलाने भिंत राहू दिली आणि खिडकी तेवढी मोठी केली. त्रेचाळीस वर्षांचा मुलगा सत्तावीस वर्षांच्या बापाचा आवाज जपून पुढे आणतो आहे, हे मनात आले आणि आमचा आकस गळाला.

याच आवृत्तीत १९७० च्या मे महिन्यातले, काम आरंभतानाचे कच्चे मुद्रण आहे. २७ तारखेस हॅरिसन एकटाच गिटार घेऊन गायला. ते ऐकताना आणखी एक गोष्ट उमगली. इतक्या उघड्या आवाजात जगापुढे येण्यास त्या दिवसांत त्याला धीर झाला नसावा. म्हणून त्याने इतकी माणसे भोवती बसवली. तेव्हा ती भिंतदेखील खोटी नव्हे. तीही त्या वयाच्या मनुष्याची खूण आहे. आणि ती नाहीशी झालेली नाही. जुनी तबकडी ज्याच्या घरी आहे, त्याच्या घरी ती आजही तशीच वाजते. देवळाची तोडलेली भिंत परत येत नाही. येथे जुने आणि नवे दोन्ही शेजारी नांदत आहेत.

त्या रात्री आम्ही ट्रंक उघडली. वडिलांच्या वहीस हात लावला नाही. एक कोरी वही घेतली आणि पहिले प्रकरण उतरून काढू लागलो. सूर्योदयाच्या चौदा ओळी गाळल्या. त्यांच्याखाली एकच वाक्य होते. परीक्षेचा निकाल घेऊन आपण घरी आलो तेव्हा आई अंगणात उभी होती आणि तिने निकाल न विचारता जेवलास काय म्हणून विचारले, एवढेच त्यात होते. ते वाक्य आम्ही पूर्वी अनेकदा वाचले होते. त्यातला वडिलांचा आवाज मात्र त्या रात्री प्रथम ऐकू आला.