चाळीस बायकांचं वाक्य

पुणे, सप्टेंबर २०१७

चि. छकुली,



अर्जाचं इंग्रजी तेवढं तपास आणि पन्नास शब्द कमी कर, एवढंच तू आत्याला सांगितलं होतंस. त्याला पाच मिनिटं पुरली असती. पण तिसऱ्या परिच्छेदातल्या एका वाक्याशी आत्या अडखळली, आणि काल रात्री दीडला उठून तिने पुन्हा तो कागद काढला. ‘किसुमूच्या किनाऱ्यावरच्या ४० अशिक्षित बायकांना मी मासळी वाळवायला शिकवलं.’ छकुली, हे तू लिहिलंस? गेल्या दिवाळीत जिने फोनवर अर्धा तास सांगितलं, की तिकडे केनियातल्या मामा सरोवरावरून आलेला वारा नुसता हुंगतात आणि सर यायच्या आत सगळी ओमेना गोळा करून मोकळ्या होतात, तीच ही पोर? (बाईला मामा म्हणतात म्हणून तुझे अण्णा आजोबा शेवटपर्यंत हसायचे, आठवतं?)

ओमेना म्हणजे काय, ते आत्याला तूच शिकवलंस. रात्री होड्यांवर दिवे लावून धरलेली ती बोटभर चंदेरी मासळी, सकाळी जुन्या जाळ्यांवर नाहीतर सरळ वाळूत पसरलेली. भिजली की ती माणसाच्या ताटात जात नाही, कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि बाईच्या हाती कवड्या येतात. उंच मांडवाची कल्पना तुझी, मान्य. अर्नाळ्याला बोंबील वाळताना पाहून तू गप्प झाली होतीस, तेव्हाच आत्याने ओळखलं होतं. पण तुझा पहिला मांडव वाऱ्याने आडवा झाला. दुसरा ठेंगणा, वाऱ्याला पाठ देऊन उभा केला तो त्या मामांनी. अर्जात त्या वाऱ्याबद्दल एक अक्षर नाही. मांडव पडल्याची लाज वाटली का ग? अर्जातला खरा ऐवज तर तोच आहे.

स्पर्धा किती आहे, हे आत्याला ठाऊक आहे. ओबामांनी २०१३ मध्ये सोवेटोत तरुण आफ्रिकनांसाठीच्या या शिष्यवृत्तीची घोषणा केली. २०१४ मध्ये पहिल्या ५०० जागांसाठी जवळजवळ ५०,००० अर्ज आले, म्हणजे शंभरात एक. त्याच वर्षी तिला मंडेलांचं नाव मिळालं. वय २५ ते ३५, अर्जाला फी नाही, सहा आठवडे अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात आणि शेवटी वॉशिंग्टनला सगळ्यांची परिषद. असे हजारो अर्ज वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून ‘पॅशन’ आणि ‘एम्पॉवर’ दिवसाकाठी किती वेळा जात असतील! आत्याने तुझे पन्नास शब्द त्यांतूनच कापले आहेत. ‘इम्पॅक्ट’ सहा वेळा होता. पडलेला मांडव मात्र त्या ढिगात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

आणि पुढे वकिलातीत मुलाखत झाली, तर परत आल्यावर काय, हे विचारणारच. तुझ्या निबंधात जाण्याबद्दल दोन पानं आहेत, परतण्याबद्दल चार ओळी. झाडं लावणाऱ्या वांगारी माथाईंना जाऊन येत्या २५ तारखेला सहा वर्षं होतील, म्हणून त्या सारख्या मनात येताहेत. केनियाच्या टॉम म्बोयांनी १९५९ मध्ये ८१ मुलांचं पहिलं विमान अमेरिकेला धाडलं. पुढच्या वर्षी केनेडी कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने एक लाख डॉलर दिले आणि त्या १९६० च्या मुलांत माथाई होत्या. कॅन्ससमधल्या अ‍ॅचिसन नावाच्या लहानशा गावात जोगिणींच्या कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकल्या, मग पिट्सबर्गला एम.एस्सी. झाल्या. १९६६ मध्ये नैरोबीला परतल्या तेव्हा विद्यापीठातल्या नोकरीचं पत्र त्यांच्या हातात होतं. जागेवर गेल्या, तर ती दुसऱ्याला देऊन झालेली. नोकरी देऊ केलेल्या प्राध्यापकाच्याच जमातीतला माणूस होता तो, असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलंय.

परतीची तयारी आत्या वारंवार काढते, ती यासाठी. तिकडे टाळ्या मिळतात. इकडे विमानतळावरून घरी येईस्तोवर खुर्ची गेलेली असते. माथाईंना पुढे उभं केलं ते गावच्या बायकांनी. १९७७ मध्ये झाडं लावायला सुरुवात झाली, तेव्हा वनखात्याचे लोक म्हणाले, रोपं करायला पदविका लागते. बायकांनी फुटक्या मडक्यांतसुद्धा बी रुजवलं. माथाई त्यांना ‘पदविका नसलेल्या वनाधिकारी’ म्हणायच्या. अशिक्षित नव्हे, छकुली. वनाधिकारी! तू त्या ४० जणींना काय म्हणणार आहेस, ते आधी ठरव. मग इंग्रजी बघू.

फोन ठेवताना हळूच विचारलंस ते राहिलंच. ‘तरुण आफ्रिकन’ म्हणताना आपलं आडनाव बघून कुणी हसणार नाही ना? जुलैमध्ये सरकारने केनियातल्या आशियाई लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, ती बातमी तूच पाठवलीस. पण त्या कागदाची वाट पाहायची तुला काय गरज? पिओ गामा पिंटो गोंयकार आईबापांचे, जन्म १९२७ चा, नैरोबीतलाच. इंग्रजांनी त्यांना स्थानबद्ध केलं आणि स्वतंत्र केनियात १९६५ मध्ये घराच्या फाटकाशी गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा त्यांची लहानगी गाडीत होती. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. स्वातंत्र्यानंतर नागरिकत्वासाठी दोन वर्षांची मुदत होती. नैरोबीत पार्कलँड्समधली कितीतरी घरं ब्रिटिश पासपोर्ट उराशी धरून बसली होती, तेव्हा अण्णा रांगेत उभे राहून अर्ज देऊन आले. तू त्यांची नात. आडनाव पूर्ण लिही, आद्याक्षर नको.

आता खरं पोटातलं. तिथल्या कोर्टाने १ तारखेला निवडणूक रद्द केली तेव्हा तुझ्या आवाजात आनंद होता, आत्याच्या पोटात गोळा आला. पुढच्या महिन्यात पुन्हा मतदान, आणि किसुमूत राहतेस तू. २००७ च्या निवडणुकीनंतर त्या गावातली दुकानं जळाली, त्यांत आपल्या लोकांचीही होती. तुझ्या बाबाने ते तुला कधी नीट सांगितलं नाही. अर्ज भरायला रात्री त्या इंटरनेटच्या दुकानात बसतेस ना? दिवसाउजेडी भर. मतदानाच्या आठवड्यात नैरोबीला मावशीकडे जा, त्या मामांना विचारूनच जा. गाव कधी सोडावं हे त्यांना वाऱ्याइतकंच कळतं. मांडवाच्या जाळ्या काढून कुणाच्या घरात ठेवता येतील, तेही त्यांनाच विचार.

तुझी,
आत्या

ता. क. – ते वाक्य पुन्हा लिहिलंस की आधी त्यांच्यातल्या एखादीला स्वाहिलीत वाचून दाखव. ती काय म्हणाली, ते रविवारी फोनवर सांग. आत्या आठपर्यंत जागी असते, तुझ्या घड्याळाने.