शिर्डीचा कडुनिंब

नाशिकहून परतताना आम्ही घरचे सगळे शिर्डीला थांबलो, ते गुरुस्थानचा कडुनिंब पाहायला. साईबाबा गावात आले तेव्हा याच झाडाखाली बसत, असे सांगतात. पुढे ते जवळच्या पडक्या मशिदीत राहिले आणि 1918 साली तिथेच त्यांचे निधन झाले. झाडाभोवती आता संगमरवर आहे. गळलेले पान उचलायला भाविक टपलेले असतात. हे पान गोड लागते, अशी त्यांची श्रद्धा.

आम्हाला कौतुक झाडाच्या नावाचे. फारसीतल्या ‘आझाद दरख्त’वरून त्याचे शास्त्रीय नाव पडले, अझाडिरॅक्टा इंडिका. उर्दूच्या तासाला हे सांगितले की मुले हसतात, पण विसरत नाहीत.

हा मुलूख पर्जन्यछायेचा. बारमाही हिरवे झाड इथे टिकायचे तर मुळे खोल हवीत, आणि कडुनिंबाची असतात. त्याला सोसत नाही ते मुळाशी साचलेले पाणी. 400 मिलिमीटर पावसावर मात्र तो जगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पाने झडतात, लगेच तांबूस पालवी फुटते आणि ऐन मे महिन्यात दाट सावली. मक्केजवळ अरफातच्या मैदानात हाजींच्या सावलीसाठी हजारो कडुनिंब लावले आहेत. हजला जाऊन आलेल्यांनी ते पाहिले असतील.

आमच्या गावच्या कब्रस्तानातही दोन आहेत, जुने. नव्या भिंतीच्या आड येतात म्हणून तोडायचे घाटते आहे. भिंत चार हात वळवली तर दोन्ही वाचतात. येत्या जुम्म्याच्या नमाजनंतर आम्ही हे जमातीपुढे मांडणार आहोत.