पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह

उमरग्याच्या एका आडत दुकानात दादा मुनीम होते. दिवाळी जवळ आली की कीर्द आणि खतावणी पिशवीतून घरी यायची, आणि जेवणं आटोपली की मेळ घालणं सुरू. मी कीर्द मोठ्यानं वाचायचो: नाव, रक्कम, जमा की नावे. दादा खतावणीत टिंबं देत जायचे. एखादा आकडा जुळला नाही की समासात पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढायचे आणि म्हणायचे, "हं, पुढं वाच." चूक सापडली की ते खोडरबरानं पुसलं जायचं. शाईनं मात्र कधी काढलं नाही. "शाईनं काढलं की भांडण होतं," म्हणायचे.

पुण्यात एका दैनिकात बातमीदार म्हणून लागलो तेव्हा हे सगळं मागं पडलं होतं. बातमीदारीत मी दीड वर्ष काढलं. आठवलं की अजून कान गरम होतात. पत्रकार परिषदेत मला सुचणारा प्रश्न जिना उतरताना सुचायचा. बातमी पक्की असायची, पण पान गेल्यावर पोचायची. शेवटी वृत्तसंपादकांनी मला मुद्रितशोधनाला बसवलं. जिन्याखालची खोली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा. घरच्या पत्रात मी 'बदली झाली' असं लिहिलं. दादांनी उलट टपाली विचारलं, "कुठं?"

खोलीत अण्णा होते. आयुष्य खिळे जुळवण्यात गेलेलं, त्यामुळे उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायचे. खिळे जाऊन संगणक आला तसे ते आमच्याकडे आले. ते मूळ कॉपी वाचायचे, मी प्रूफ बघायचो. वाचताना स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचे. एकदा मथळा आला, 'शिक्षक दीन उत्साहात साजरा'. मी दीर्घ वेलांटी खोडायला लागलो तर म्हणाले, "राहू दे की, बातमी तीच आहे." अण्णांच्या एका सुरातल्या वाचनामागं मला दिवाळीतली ती खोली ऐकू यायची. फरक एवढाच, की आता वाचणारा मी नव्हतो.

साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम मी महिन्याभरात पाठ केले. पण तेवढं कोणीही करील. माझ्याकडे दुसरंच काहीतरी होतं, आणि ते मला सोडून सगळ्यांना आधी दिसलं. मथळ्यात पाच जखमी आणि मजकुरात चार, सोमवारची सभा आणि तारीख मंगळवारची, असं काही आलं की मला शब्दाआधी ते टोचायचं. तिथं मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायचो. ही सवय कुठून आली, हे तेव्हा ध्यानातही आलं नाही.

सुरुवातीला या सवयीनं मी सगळ्यांना वैताग आणला. एका रात्री अकरा प्रश्नचिन्हं काढलेलं पान तसंच वर पाठवलं. डाक आवृत्तीची गाडी खाली उभी, ड्रायव्हर हॉर्न देतोय. वृत्तसंपादक स्वतः जिना उतरून आले. "अरे, ही शंका माझ्याकडे कशाला? ज्यानं लिहिलं त्याला फोन लाव. आणि अकरातल्या दोनच कामाच्या आहेत. त्या कुठल्या, हे तू मला सांगायचंस." मला ते फार लागलं. बरोबर होतं म्हणून जास्तच.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाची पानं लावून पहाटे खोलीवर जाऊन पडलो, आणि ३० तारखेला सकाळी बोलावणं आलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला होता. कॉपी तुकड्यातुकड्यांनी येत होती. मृतांचा आकडा दर तासाला वेगळा, पहिल्या पानावर एक, आत दुसरा. अण्णा वाचत होते, आवाज नेहमीसारखाच एका सुरात. "लातूर जिल्ह्यातील किल्लारी, सास्तूर..." मी थांबवलं. किल्लारी औसा तालुक्यातलं, लातूर जिल्हा. पण सास्तूर तेव्हा आमच्या उमरगा तालुक्यातलं, म्हणजे उस्मानाबाद जिल्हा. पेन्सिल उचलली आणि ठेवून दिली. कागद घेऊन तसाच वर गेलो. वृत्तसंपादकांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "तिथल्या बाजाराला गेलोय, साहेब." त्यांनी बातमी लिहिणाऱ्याला हाक मारली, मथळ्यात 'लातूर, उस्मानाबाद' असे दोन्ही जिल्हे घेतले आणि आकड्यांसाठी फोन माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून आकड्यांचं पान माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय खाली जायचं नाही, असं कुणी न ठरवता ठरून गेलं. सरकारी मृतसंख्या पुढं आठ हजारांच्या आसपास थांबली. गावाकडची माणसं तो आकडा ऐकून अजून मान हलवतात.

मुद्रितशोधनाची खोली पुढं बंद झाली. अण्णा त्याच्या आधीच गेले. आता उपसंपादकच आपापली पानं तपासतात, त्यातली एक मुलगी कधीमधी पानाचा फोटो पाठवते, "काका, काही खटकतंय का?"

गेल्या वर्षी उमरग्याचं घर आवरताना दादांची एक खतावणी सापडली. एका पानावर ११ रुपये ४० पैशांसमोर पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह तसंच होतं, न पुसलेलं. मी खुर्ची ओढून बसलो, टिंबं तपासत खाली आलो. मग लक्षात आलं, कीर्द नाहीये, आणि वाचायलाही कोणी नाही.