जास्तीचे ८३ ज्यूल गेले कुठे?

उष्मागतिकी शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : "सर, दाब स्थिर ठेवून वायू तापवला तर आकारमान वाढतं. मग अंतर्गत ऊर्जेच्या सूत्रात सीव्ही कसा? तो तर स्थिर आकारमानाचा ना?" 'सूत्र आहे, पाठ कर' म्हणून हा प्रश्न मिटवू नका. सगळा धडा त्यातच आहे.

आमच्या सावद्यात उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. केळी भरून निघालेल्या ट्रकचं टायर घ्या. ते फारसं फुगत नाही, म्हणजे आकारमान जवळजवळ स्थिर. सकाळी २७ अंशांना १०० पौंड हवा भरली, उन्हात धावून आतली हवा ५७ अंशांवर गेली. केल्विनमध्ये ३०० चे ३३०, म्हणजे दाब १० टक्क्यांनी वाढला. पण गेज ११० नाही, साधारण १११.५ दाखवेल! गेज वातावरणाचे १४.७ पौंड धरत नाही. टक्केवारी ते मिळवून काढायची. इथं भलेभले अडकतात.

आता काचेची सिरिंज घ्या. टोक बंद करून ती कोमट पाण्यात धरा. दट्ट्या हळूच बाहेर सरकतो. दाब तोच, आकारमान वाढलं. (प्लास्टिकची नको, तिचा दट्ट्या अडकतो. आणि ज्योतीवर तर मुळीच धरू नका.)

एक मोल हवा १० अंशांनी तापवायची तर बंद भांड्यात सुमारे २०८ ज्यूल लागतात, सरकत्या दट्ट्याखाली २९१. जास्तीचे ८३ ज्यूल बाहेरची हवा मागे ढकलण्यात खर्ची पडले. रेणूंच्या वाट्याला दोन्हीकडे २०८ च आले, कारण आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा फक्त तापमानावर ठरते. बंद भांड्यात दिलेली सगळी उष्णता आतच राहते, म्हणून तिथं ती सरळ मोजता येते. सीव्ही हे त्या मापाचं नाव, एवढंच. आकारमान बदललं म्हणून ते माप खोटं ठरत नाही.

युलिउस रॉबर्ट मायर हा जर्मन डॉक्टर. किती उष्णता म्हणजे किती कार्य, हा हिशोब त्यानं १८४२ साली मांडला, तो याच फरकावरून. सीपी वजा सीव्ही बरोबर आर, या नात्याला त्याचं नाव आहे.

मुलांकडून दाब-आकारमान आलेख जरूर काढून घ्या. एकाच बिंदूपासून एक उभी रेषा, एक आडवी. दोन्ही एकाच समतापी वक्राला जाऊन भिडतात. उभ्या रेषेखाली क्षेत्रफळ शून्य. आडवीखालचं मोजायला लावा, ८३ तिथंच सापडतात.