अल्लीपूरच्या वावरातला निकाह

कपाशीची वेचणी आटोपली आणि पुतणीचा निकाह अल्लीपूरला आमच्या वावरातच ठरला. नवरा-नवरी दोघांनाही चरख्याचं वेड. गांधीजी १९३६ साली राहायला आले ते सेवाग्राम आमच्याच वर्धा जिल्ह्यातलं, तेव्हा नवल नाही. सेहऱ्याऐवजी दोघांनी एकमेकांसाठी कातलेल्या सुताचे हार. कडुनिंबाखाली सतरंज्या, दालच्याच्या देगीखाली उपटलेल्या पऱ्हाट्यांचं जळण. हॉल नाही, कर्जही नाही.

मुलाचे चाचा एवढ्यावर थांबते तर बरं! ‘सगळंच साधं, तर मेहरही नावापुरता धरू,’ म्हणाले. पडद्याआडून पुतणी बोलली, ‘चाचाजान, खर्च वाचवला तो मांडवाचा. मेहर माझा हक्क आहे.’ काझीसाहेबांनी कलम थांबवली. नवरदेवानं खिशातून पाकीट काढलं आणि आधी ठरलेली रक्कम सगळ्यांसमोर मोजून दिली.